प्रत कुणाकडे राहते?

नमस्कार. टीव्ही संपला का, या प्रश्नावर बोलावं अशी मला सूचना होती. त्या प्रश्नात मला फारसा रस नाही. पडदा तोच आहे आणि त्यावरच्या मालिका, सामने, बातम्या, सिनेमेही तेच आहेत. बदललंय ते पडद्यामागचं सगळं. चित्र घरात कसं पोचतं आणि बघून झाल्यावर घरात काय उरतं, याबद्दल मला बोलायचं आहे. जुन्या व्हिडिओ टेपा डिजिटल करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ‘उरतं काय’ या बाजूला माझा ओढा जास्त असणार, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात प्रक्षेपणापासून करू. मनोऱ्यावरून लहर निघते आणि तिच्या टप्प्यात येणाऱ्या कुठल्याही अँटेनाला ती पकडता येते. ती दहा घरांनी पकडली काय किंवा दहा लाख घरांनी, मनोऱ्याला एक युनिट वीजही जास्त लागत नाही. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा जगभरात अंदाजे ६० कोटी लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. त्या काळच्या यंत्रसामग्रीवर! बघणारे वाढले म्हणून चित्र अडखळलं, असं या पद्धतीत होऊच शकत नाही. आणि कोण बघतंय हे मनोऱ्याला कळत नाही. हा गुण आज आपल्या लक्षातून गेला आहे.

स्ट्रीमिंगचं गणित वेगळं आहे. इथे प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह सोडावा लागतो. एकाला सेकंदाला ५ मेगाबिट माहिती लागत असेल (बिट हे माहितीचं सर्वांत लहान एकक, मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट), तर १० लाख प्रेक्षकांना ५० लाख मेगाबिट लागतात. एवढा भार एकाच ठिकाणाहून वाहून नेणं परवडत नाही, म्हणून सिनेमांच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळ नेऊन ठेवतात. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये अशी आपली स्वतःची व्यवस्था जाहीर केली. त्यांची साठवणयंत्रं इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांमध्ये बसवलेली असतात आणि वर्दळ कमी असते त्या वेळात ती भरून घेतली जातात. तुम्ही रात्री नऊ वाजता लावलेला सिनेमा बऱ्याचदा पहाटेच जवळच्या केंद्रात येऊन बसलेला असतो. ही फार हुशारीची रचना आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे.

पण थेट प्रसारण आधी भरून ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने एक मोठी मुष्टियुद्धाची लढत थेट दाखवली. एका वेळी ६.५ कोटी प्रवाह चालू होते, असं कंपनीनेच सांगितलं, आणि त्या रात्री असंख्य लोकांच्या पडद्यावर चित्र अडकलं. याचा दोष एखाद्या अभियंत्याला देण्यात अर्थ नाही. प्रेक्षकागणिक भार वाढणं हा त्या पद्धतीचा स्वभावच आहे. शिवाय थेट स्ट्रीमिंग अनेकदा प्रक्षेपणाच्या मागे अर्धा-अर्धा मिनिट चालतं. तुमच्या पडद्यावर खेळाडू अजून चेंडू घेऊन पळत असतो आणि शेजारच्या घरातून गोलचा जल्लोष ऐकू येतो.

आता प्ले दाबल्यावर काय होतं ते जरा सावकाश बघू. चित्र दिसण्याआधी प्लेअर, म्हणजे ॲपमधला चित्र दाखवणारा भाग, एक लहानशी मजकुराची फाइल मागवतो. तिच्यात यादी असते: हा सिनेमा कोणकोणत्या दर्जात साठवला आहे, प्रत्येक दर्जाचे काही-काही सेकंदांचे तुकडे कुठे मिळतील. ॲपलने २००९ मध्ये या धर्तीची पद्धत आणली, आणि २०१२ मध्ये ‘डॅश’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. प्लेअर पहिला तुकडा बहुतेक वेळा हलक्या दर्जाचा उचलतो आणि तो यायला किती वेळ लागला ते मोजतो. पटकन आला तर पुढचा तुकडा वरच्या दर्जाचा मागतो. सुरुवातीला चेहरे धूसर दिसतात आणि मग एकदम स्वच्छ होतात, ते यामुळे. घरात कुणी मोठं डाउनलोड सुरू केलं की तुकडे उशिरा यायला लागतात, प्लेअर पुन्हा एक पायरी खाली उतरतो. चित्र बिघडतं, पण थांबत नाही. बघून झालेला तुकडा मात्र टाकून दिला जातो. सिनेमा संपतो तेव्हा तुमच्या घरात त्यातलं काही शिल्लक नसतं.

हे तुकडे इतके लहान कसे होतात, हेही बघण्यासारखं आहे. फुल एचडी या आजच्या नेहमीच्या दर्जाच्या एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर माहिती आकुंचित न करता सेकंदाला साधारण १,२४० मेगाबिट माहिती तयार होते. स्ट्रीमिंगमध्ये ती ५ मेगाबिटांच्या आसपास बसवतात, म्हणजे अडीचशे हिश्श्यांतला एक हिस्सा. युक्ती अशी, की पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं, काय बदललं तेवढं सांगायचं. निवेदक खुर्चीत बसून बातम्या देत असेल तर हे सोपं जातं, कारण मागची भिंत हलतच नाही. पाऊस, धूर, उसळतं पाणी, उधळलेले कागदाचे कपटे आले की प्रत्येक चित्रात सगळंच बदललेलं असतं आणि हिशोब तुटतो. अंधाराचे प्रसंगही असेच. गडद आकाशात जिथे छटा हळूहळू उतरायला हवी तिथे पायऱ्या-पायऱ्या दिसतात. आपल्याला वाटतं टीव्ही बिघडला. टीव्ही ठीक असतो, माहितीच कमी आलेली असते.

डिस्कवर ही ओढाताण कमी असते. ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या डिस्कवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटांपर्यंत जागा मिळते. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांची, ब्लू-रे १०० गिगाबाइटपर्यंतची असते आणि तिचा वेग १२८ मेगाबिटांपर्यंत जाऊ शकतो. फोर-के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटांचं कनेक्शन पुरेसं मानतं. २०१३ चं एचईव्हीसी आणि २०१८ चं एव्ही-वन या माहिती आकुंचित करण्याच्या नव्या पद्धतींनी दरी बरीच भरून काढली आहे, आणि मध्यम आकाराच्या पडद्यावर बहुतेकांना फरक जाणवणार नाही, हे मला मान्य आहे. मोठ्या पडद्यावर मात्र तो अंधारात दिसतो आणि आवाजात तर ऐकूच येतो.

पण चित्राच्या दर्जापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ती समजण्यासाठी व्हीसीआरकडे, म्हणजे टीव्हीवरचं चित्र कॅसेटवर साठवणाऱ्या घरगुती यंत्राकडे, जावं लागेल. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. पहिल्या बीटामॅक्स कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. पूर्ण सिनेमा मावतो की नाही, हा फरक निर्णायक ठरला. कॅसेट आत ढकलल्यावर जो खरखर आवाज येतो, तेव्हा यंत्र टेप बाहेर ओढून एका तिरक्या, चकचकीत ढोलाभोवती गुंडाळत असतं. पाल या भारतातही वापरल्या गेलेल्या टीव्ही पद्धतीत हा ढोल सेकंदाला २५ वेळा फिरतो. त्याच्यावर समोरासमोर दोन हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारी टोकं, असतात, म्हणजे सेकंदाला ५० तिरक्या रेघा टेपवरून वाचल्या जातात. टेप स्वतः सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही. पॉज केल्यावर चित्रावर पांढरे पट्टे येतात, कारण टेप थांबल्याने हेडची वाट आणि कोरलेली रेघ यांचा कोन जुळत नाही. आणि हेड त्याच जागी पुन्हा पुन्हा घासत राहतं. माझ्याकडे येणाऱ्या टेपांमध्ये कुठल्या प्रसंगावर घरचे वारंवार थांबले, हे झिजेवरून ओळखता येतं.

चित्र म्हणून व्हीएचएस सुमारच होतं. तरीही या यंत्राने एक मोठा बदल घडवला: हवेतून आलेली लहर घरात थांबू लागली. अमेरिकेत स्टुडिओंनी याला आक्षेप घेतला आणि सोनीवर १९७६ मध्ये खटला भरला. जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की नंतर सवडीने बघण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग बेकायदा नाही. एका न्यायाधीशाचं मत फिरलं असतं तर घरगुती व्हिडिओचा इतिहास वेगळा झाला असता.

घरातल्या प्रतीला मी इतकं महत्त्व का देतो? मालक आपली वस्तू नीट जपतो, हा समज टीव्हीच्या इतिहासात टिकत नाही म्हणून. १९५६ मध्ये अँपेक्स या अमेरिकी कंपनीचं व्यावसायिक व्हिडिओ टेप यंत्र आलं. टेप दोन इंच रुंद आणि भयंकर महाग. मग कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही सर्रास रीत झाली. बीबीसी या ब्रिटिश वाहिनीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे १९६० च्या दशकातले ९० हून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळाच्या सगळा उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो घरी साठवला होता. चांद्रविजयाचंही तसंच. चंद्रावर उतरलेल्या त्या अपोलो ११ मोहिमेच्या कॅमेऱ्याचं मूळ चित्र प्रक्षेपणात दिसलेल्या चित्रापेक्षा सरस होतं. ते ज्या टेपांवर नोंदलं गेलं, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाच्या शोधातून निघाला. २००९ मध्ये जी सुधारलेली चित्रफीत प्रसिद्ध झाली, ती प्रक्षेपणाच्या ठिकठिकाणी उरलेल्या प्रतींवरून तयार केलेली आहे.

आणि मॅरियन स्टोक्स. फिलाडेल्फियातली ही माजी ग्रंथपाल १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दिवसरात्र टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड करत राहिली. घरात एका वेळी अनेक व्हीसीआर चालू असत, कॅसेट संपत आली की बदलायला कुणीतरी हजर असे. सुमारे ७० हजार टेपा साठल्या आणि पुढे त्या इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाकडे गेल्या. वाहिन्यांना जे साठवण्याजोगं वाटलं नाही, ते एका बाईने साठवलं. माझ्या व्यवसायात तिचं नाव मी आदरानेच घेतो.

आता स्ट्रीमिंगकडे परत. तिथे प्रत कंपनीकडे असते आणि आपल्याला मिळते ती बघण्याची परवानगी. ‘डाउनलोड’ केलेला सिनेमासुद्धा कुलूपबंद असतो, किल्लीची मुदत संपली की फाइल निरुपयोगी. २०२३ मध्ये डिस्ने प्लसने स्वतःच बनवलेली कित्येक शीर्षकं आपल्या सेवेवरून काढून टाकली. त्यांतली काही डिस्कवर कधी आलीच नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन या आपल्या गेमयंत्राच्या ग्राहकांना कळवलं, की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून जाणार. ओरड झाल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला. पण असा निर्णय घेता येतो, एवढं त्यातून स्पष्ट झालं. बीबीसीने टेपा पुसल्या तेव्हा निदान कुणाच्या तरी घरातला आवाज उरला. आज एखादी मालिका सर्व्हरवरून गेली, तर प्रेक्षकाच्या घरात सापडेल असं काय असणार आहे? तो टाकून दिलेला तुकडा मला इथे आठवतो. मला याची खरोखर काळजी वाटते.

स्ट्रीमिंग सोडा, असं मी सांगणार नाही. मी स्वतः रोज वापरतो. दुर्मीळ माहितीपट, परक्या भाषांतले सिनेमे, बहिऱ्या प्रेक्षकांसाठी सबटायटल्स, आंधळ्या प्रेक्षकांसाठी दृश्यांचं बोलून केलेलं वर्णन, हे सगळं एका रिमोटवर येणं लहान गोष्ट नाही. पण जे तुम्हाला पुन्हा पुन्हा बघायचं आहे, मुलांना दाखवायचं आहे, ते डिस्कवर मिळत असेल तर घ्या. अँटेनाची सोय असेल तर ती काढून टाकू नका. इंटरनेट बंद पडतं त्याच वेळी बातम्यांची सर्वांत जास्त गरज असते. टीव्ही घेताना चांगल्या पडद्यावर पैसे घाला आणि ॲपसाठी वेगळी डबी जोडा, कारण पडदा सहज दहा वर्षं टिकतो आणि आतल्या ॲपचं सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी जुनं होतं. आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘काय बघितलं जातंय’ हे ओळखणारी सोय बंद करा. विझिओ या टीव्ही कंपनीने १ कोटी १० लाख संचांमधून अशी माहिती प्रेक्षकांच्या संमतीविना गोळा केली होती आणि २०१७ मध्ये तिला अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

शेवटी घरातल्या टेपांविषयी, कारण व्याख्यानानंतर हा प्रश्न येतोच. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत, हेड मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले आहेत. तेव्हा टेपा पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, कोरड्या आणि थंड जागी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती टेप यंत्रात अजिबात घालू नका. यंत्र खराब होईल आणि त्यातून पुढच्या प्रत्येक टेपला बुरशी लागेल. ती जाणकाराकडेच द्या. आणि डिजिटल करायला घेताना दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या कॅसेट मागे ठेवा, त्यांच्या प्रती जगात कुठेतरी आहेत. आधी काढा ते हाताने लेबल लिहिलेलं: घरचा समारंभ, शाळेतलं नाटक, वाहिनीवर एकदाच लागलेली कुणाची तरी मुलाखत, मधल्या जाहिरातींसकट. जाहिराती कापू नका.