पडद्यावरचे बाण मिटतात तेव्हा

[दृश्य : अंधारा डॅशबोर्ड. बटण दाबल्याचा 'टक्' आवाज. पडदा उजळतो. बाकी शांतता.]

गाडी चालू झाली आहे. आवाज आला नाही म्हणून विश्वास बसत नसेल, तर पडद्यावरची हिरवी अक्षरं वाचा : 'रेडी'. हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, नवीन घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी चालू गाडीचं बटण पुन्हा दाबतो आणि ती बंद करून बसतो. मीही बसलो होतो.

आता काही सेकंदांत इंजिन आपणहून जागं होईल. झालं बघा. गाडी जागची हललेली नाही, तरी इंजिन चालू. त्याला आधी स्वतः गरम व्हायचंय आणि सायलेन्सरच्या वाटेवरचं, धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायचंय. थंड गाडीचे पहिले काही किलोमीटर अ‍ॅव्हरेजच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट, ते याच कारणानं. चार कामं असतील तर चार वेळा थंड गाडी काढण्यापेक्षा सगळ्यांत लांबचं काम आधी उरकावं आणि परतताना बाकीची. इंजिन तापलेलं असलं की मधल्या थांब्यांचा त्रास नाही.

[दृश्य : पेडलजवळ ठेवलेला कॅमेरा. पातळ तळव्याचा कॅनव्हासचा बूट.]

हा पाय आजच्या चित्रीकरणाचा नायक. हा शॉट घ्यायला आमचा कॅमेरामन कसा वळकटी होऊन बसला होता, ते न सांगितलेलंच बरं. पाय मावशींचा. त्या आमच्या कोणी लागत नाहीत. बाजूच्या सीटवरचा मुलगा त्यांचा भाचा आणि तो दर दोन मिनिटांनी "मावशी, मावशी" करत होता, म्हणून आम्हीही तसंच म्हणू लागलो. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. जाड तळव्याच्या बुटातून पेडल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पायाची हालचाल पुन्हा बघा. अंगठा केसभर खाली, केसभर वर. एवढंच.

आजचा बेत साधा : गाडी एक, रस्ता एक, पाय दोन. आधी भाचा चालवणार, मग मावशी. कोणाच्या पायाखाली पेट्रोल वाचतं ते बघायचं.

[दृश्य : टेबलावर उघडून ठेवलेला दातेरी चाकांचा संच. एक हात ती फिरवतो.]

त्याआधी बोनेटखाली काय दडलंय ते पाहू. ही चाकं हातात घेऊन फिरवायला मिळाली, म्हणून इथं जरा जास्त रेंगाळणार आहे.

पेट्रोल आणि वीज एकाच गाडीत नांदवायची कल्पना जुनीच. 1900 साली फर्डिनांड पोर्शे यांनी अशी गाडी बनवली होती. तिच्यात पेट्रोलची इंजिनं वीज तयार करायची आणि चाकांच्या तुंब्यात बसवलेल्या मोटरी ती वीज खाऊन चाकं फिरवायच्या. पुढं पेट्रोलगाड्यांनी मैदान मारलं आणि ही कल्पना अडगळीत पडली. डिसेंबर 1997 मध्ये टोयोटानं जपानमध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी विकायला काढली, तिच्या पोटात हा संच होता.

मधलं छोटं चाक म्हणजे सूर्य. त्याच्याभोवती फिरणारे ग्रह. आणि सगळ्यांना कवेत घेणारं बाहेरचं कडं. प्रियसच्या सुरुवातीच्या पिढ्यांत सूर्याला 30 दाते, कड्याला 78. इंजिन जोडलंय ग्रहांच्या चौकटीला. सूर्याला एक छोटी मोटर, जी बहुतेक वेळ जनित्राचं काम करते. कड्याला मोठी मोटर आणि तिच्यामार्फत गाडीची चाकं. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. इंजिनानं लावलेल्या जोराची वाटणी हे दातेच करतात : सुमारे 72 टक्के चाकांकडे, 28 टक्के जनित्राकडे. हिशेब करून बघा, 78 भागिले 108. मावशींनी तो आमच्या आधी केला होता.

आता हाताकडे बघा. ग्रहांची चौकट घट्ट धरली, म्हणजे इंजिन बंद. कडं फिरवलं, तर सूर्य उलटा फिरतोय. इंजिन निपचित आणि गाडी धावतेय, ती अशी. पण कडं फारच जोरात फिरवलं की सूर्य भन्नाट सुटतो. तो आवाक्यात ठेवायला मग चौकट सोडावी लागते, म्हणजेच इंजिन फिरतं ठेवावं लागतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही हद्द ताशी 65 किलोमीटरच्या जरा पुढं आहे. त्याच्या खाली इंजिन पूर्ण झोपू शकतं.

इंजिनही वेगळ्या चालीचं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्यानं 1882 मध्ये मांडलेला विचार असा, की वायू जितका दाबला त्यापेक्षा जास्त पसरू द्यावा, म्हणजे त्याच थेंबातून जास्त काम निघतं. हल्ली हे झडप उशिरा मिटवून साधतात. अशा इंजिनाला पिकअप कमी, पण तो मोटर भरून काढते. फक्त या इंजिनाला रेंगाळणं मानवत नाही. मध्यम ओझं असताना ते खुशीत काम करतं, अगदी हलक्या कामात पेट्रोल वाया घालवतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, भाचा आता नेमका तिथंच अडकणार आहे.

[दृश्य : सिग्नल हिरवा. गाडी अगदी हळू सुटते. मागून हॉर्न.]

भाच्यानं कुठंतरी ऐकलंय, की इंजिन चालू होऊ दिलं नाही की पेट्रोल वाचतं. म्हणून तो पायाखाली अंडं ठेवल्यासारखा चालवतोय. मोटरवर, मुंगीच्या चालीनं. पडद्यावरचे बाण ऊर्जा कुठून कुठं जातेय ते दाखवतात; आत्ता बॅटरीतून चाकांकडे बाण. खूश आहे तो. मागचे नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी साधारण 1.3 किलोवॉट-तासांची. तीही पूर्ण वापरायला मिळत नाही. ती टिकावी म्हणून गाडी तिला अगदी रिकामी किंवा काठोकाठ होऊ देत नाही. नुसत्या विजेवर पळायला उरतात दोन-तीन किलोमीटर, फार तर. मग हे बघा.

[दृश्य : लाल सिग्नल. गाडी उभी. इंजिन घरघरत चालू होतं.]

"मावशी, उभ्या गाडीत इंजिन का चालू झालं?"

"मघाशी उधारीवर फिरलास ना? त्याची वसुली."

याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं. प्लग लावून चार्ज न होणाऱ्या हायब्रिडमध्ये विजेचा थेंब न् थेंब शेवटी पेट्रोलमधूनच आलेला असतो. बॅटरी म्हणजे पाकीट, कमाई नव्हे. त्यात पैसे घालतानाही कटतात आणि काढतानाही.

[दृश्य : भाच्याचा पाय ब्रेकवर. पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे बाण.]

दुसरी चूक जास्त गोड आहे, कारण ती करताना शाबासकी मिळते. समोर लाल दिवा, तरी शेवटपर्यंत रेस, मग ब्रेक. ब्रेक दाबला की मोठी मोटर जनित्र होते, बॅटरी भरते, पडदा हिरवागार. भाचा म्हणतो, "बघ, सगळं परत मिळालं."

सगळं नाही. ही ऊर्जा किती हातांतून जाते ते मोजा. चाकांकडून मोटरकडे, मोटरकडून बॅटरीत. पुन्हा बॅटरीतून मोटरकडे, मोटरकडून चाकांकडे. चार हात. प्रत्येक हातानं दहावा हिस्सा सांडला असं धरलं, तरी शंभरातले 66 उरतात. आणि ब्रेक कचकन दाबला तर मोटरला सगळं घेता येत नाही, उरलेलं डिस्कवर घासून उष्णता होतं. अगदी कमी वेगाला, थांबता थांबता तर कामाला पॅडच लागतात.

एक हिशेब. 1,400 किलोची गाडी ताशी 60 च्या वेगात असेल, तर त्या वेगात साधारण 17 मिलिलिटर पेट्रोलची मेहनत साठलेली असते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा 35 टक्के भाग कामी लावतं असं धरून. साडेतीन छोटे चमचे. साधी गाडी प्रत्येक कचकन ब्रेकला हे चमचे रस्त्यावर ओतते. हायब्रिड त्यातले काही परत उचलते. आणि ज्यानं लांबूनच पाय उचलला, त्याला ओतायची वेळच येत नाही.

[दृश्य : मागच्या चाकाची डिस्क, अगदी जवळून. कडेला तांबूस गंजाची साय.]

ही मावशींच्या गाडीची डिस्क. रात्री पाऊस झाला, सकाळी ही साय. रोज कचकचून ब्रेक मारणाऱ्याच्या गाडीत पहिल्या दोन सिग्नलांत पुसली जाते. इथं दुपार झाली तरी ती शाबूत आहे. (मधूनमधून जरा जोरात ब्रेक दाबून ती साफ करावी, हे मावशींनीच सांगितलं.)

[दृश्य : मावशी ड्रायव्हरच्या सीटवर. आरसा नीट करतात. गाडी सुटते.]

हे बघून कदाचित धक्का बसेल. मावशी सिग्नलवरून भाच्यापेक्षा लवकर सुटल्या. इंजिन लगेच चालू झालं आणि त्यांनी ते होऊ दिलं. दडपून रेस नाही, पण लाजतबुजतही नाही. इंजिनाला खुशीत काम करता येईल एवढं ओझं दिलं, वेग घेतला आणि आता पाय पाहा.

पूर्ण उचलला. इंजिन झोपलं. पण पाय पूर्ण उचलल्यावर गाडी स्वतःला किंचित आवरते आणि बॅटरीकडे बाण सुटतो. मावशींना तोही नको आहे. अंगठा केसभर खाली.

[दृश्य : पडदा, पूर्ण चौकटीत. सगळे बाण मिटलेले. फक्त टायरचा आवाज. निवेदन सहा सेकंद थांबते.]

इंजिन देत नाही, मोटर देत नाही, बॅटरी घेत नाही. गाडी नुसती घरंगळतेय. कोणाच्या हातून काही सांडत नाही, कारण कोणी काही हातात घेतलेलंच नाही. या एका शॉटसाठी आम्ही सकाळपासून गाडीत कोंबून बसलो होतो.

वेग जरा उतरला की पुन्हा इंजिन, पुन्हा थोडा वेग, पुन्हा बाण मिटवायचे. या चालीला जगभर 'पल्स अँड ग्लाइड' म्हणतात. 2005 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला पाच जणांनी पाळीपाळीनं अशी चालवून प्रियस एका टाकीत 1,397 मैल, म्हणजे 2,200 किलोमीटरच्या वर नेली होती. मावशींना ही गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "त्यांच्या मागं कोणी हॉर्न वाजवत नसेल." रहदारीत त्या हे करत नाहीत. मागची गाडी अंगावर आली की सरळ सगळ्यांच्या वेगानं चालवतात.

[दृश्य : घाटाचा उतार. भाचा पुन्हा चालवतोय. त्याचा हात गिअरच्या दांड्याकडे जातो.]

"न्यूट्रलला टाकू?"

"हात काढ तिथून."

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. ती कुठल्याच गाडीत बरी नव्हे, हायब्रिडमध्ये तर दुहेरी तोटा : ताबा सुटतो आणि बॅटरी भरणंही बंद होतं. दांडीवर 'बी' असं अक्षर दिसतंय, त्याला लोक बॅटरीचा बी समजतात. त्याचं काम इंजिनाचा अडसर लावून गाडी रोखणं, म्हणजे ऊर्जा मुद्दाम फुंकून टाकणं. लांब उतारावर बॅटरी गाडीनं ठरवलेल्या हद्दीपर्यंत भरली आणि ती आणखी घेईना, की तेव्हा त्याचा उपयोग. ब्रेक तापत नाहीत. सपाटीवर त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही.

[दृश्य : मागच्या सीटच्या कडेची जाळी. तिच्यावर टेकलेली पिशवी. एक हात पिशवी उचलतो, जाळीवर धुळीचा थर.]

ही जाळी म्हणजे बॅटरीचं नाक. पिशवी आमचीच होती, ट्रायपॉडची. बॅटरी तापली की पंखा किंचाळतो आणि गाडी तिला कमी राबवते. आतला फिल्टर काढून झटकायला दहा मिनिटं लागतात. टायरची हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरायची. मोठ्या रस्त्याचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, म्हणून एकच सांगतो : 80 चे 100 केले की हवेचा अडथळा दीडपटीच्या वर जातो, आणि तिथं बाण मिटवून फारसं काही हाती लागत नाही.

पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, पॅड जास्त टिकतात, वगैरे.

[दृश्य : पेट्रोल पंप. नोझल 'खट्' करून बंद होतं. मावशी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढतात. पेन्सिलीचे रकाने.]

डॅशबोर्ड म्हणतोय लिटरला 24.8 किलोमीटर. मावशींचा त्यावर भरवसा नाही. असे पडदे बहुतेकदा थोडं चढवूनच सांगतात. त्यांचा हिशेब टँक फुल ते टँक फुल. नोझल पहिल्यांदा खट् झालं की बस, वरून आणखी ठासायचं नाही. गेल्या फुलपासून 462 किलोमीटर. आज आत गेलं 19.6 लिटर.

भाचा मोबाइल काढतो.

"साडेतेवीसच्या जरा वर," मावशी.

"तेवीस पूर्णांक सत्तावन्न," भाचा, चार सेकंदांनी.

[दृश्य : वही, अगदी जवळून. शेवटचा रकाना 'कोणी चालवली'. वरपासून खालपर्यंत 'मी', 'मी', 'मी'. पेन्सिल आजच्या ओळीवर थांबते, मग लिहिते : 'दोघं'.]