मागं बघता बघता पुढं घासतं

(दृश्य: कोल्हापूर, बिंदू चौकातलं पार्किंग, रविवार सकाळ)

अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्या एकेक करून आत शिरतायत. कुणीतरी डिकीवर थाप मारत ओरडतंय, "येऊ दे, येऊ दे... बास्स!" चालकाची मान मागं वळलेली. आणि ओरखडा उठतो पुढच्या बंपरवर.

वळतात ती पुढची चाकं. त्यामुळं रिव्हर्समध्ये गाडी लावताना तिचं बूड जागेत शिरतं तेव्हा नाक उलट्या बाजूला झेपावतं. किती? लहान हॅचबॅकचं स्टिअरिंग डावीकडं पूर्ण वळवलं, तर पुढचा उजवा कोपरा सुमारे एक मीटर बाहेर जातो. नेमक्या तिथंच दुचाकी लावलेल्या असतात.

(दृश्य: वरून दिसणारी गाडी, चाकांचे माग खडूनं आखलेले)

जागा डाव्या हाताला आहे असं धरू. रांगेपासून सव्वा मीटर लांबून रिकामी जागा ओलांडा. मागचा बंपर जागेच्या पुढं लावलेल्या शेजारच्या गाडीच्या मध्यावर आला की थांबा. डावा आरसा जरा खाली झुकवा, म्हणजे मागचं चाक आणि जमिनीवरचा पट्टा दोन्ही दिसतील. आता रिव्हर्स. सपाटीवर ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, सोडायची, उजवा पाय ब्रेकवर. गाडी हलली की मगच स्टिअरिंग पूर्ण डावीकडं. उभ्या गाडीत ते पिळलं तर टायर डांबरावर रगडले जातात.

वळण लवकर घेतलं तर डावा दरवाजा शेजारच्या गाडीच्या कोपऱ्याला लागतो. उशिरा घेतलं तर मागचा उजवा कोपरा पलीकडच्या गाडीवर जातो. अंतर कमी वाटलं की तिथल्या तिथं झटापट नको. थोडं पुढं या, गाडी सरळ करा, परत घ्या. मागं थांबलेला हॉर्न वाजवणारच, वाजवू दे.

गाडी पट्ट्यांना समांतर झाली की स्टिअरिंग साधारण दीड फेरा उलटा फिरवून चाकं सरळ करायची. दोन्ही आरशांत सारखी फट दिसली पाहिजे.

(दृश्य: शाहू मार्केट यार्ड, फाळका, म्हणजे मागची झडप, उघडा टाकलेला ट्रक)

1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांत मागचे, काही आडवं आलं की वाजणारे सेन्सर सक्तीचे आहेत. पण ते बसवलेले असतात बंपरमध्ये. ट्रकचा उघडा फाळका त्याच्या बराच वर असतो. सेन्सर गप्प राहतो आणि मागची काच फुटते. बारीक खांब, बुटका दगडही त्याच्या तावडीतून सुटतो. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसतो, तो बोटानं पुसल्याशिवाय पडद्यावर भरवसा नको. गाडीत बसण्याआधी मागून एक चक्कर मारा. डिकीआड खाली बसलेलं पोर आरशात दिसत नाही.

हँडब्रेक ओढण्याआधी डिकी उघडेल एवढी जागा राहिली का, तेही बघा. भिंतीला चिकटवलेल्या गाडीतून पिशव्या काढायच्या म्हणजे ती परत बाहेर घ्यावी लागते.