तंबूतली हवा जाते कुठे?

ग्रो टेंट, म्हणजे घरात दिव्यांखाली झाडं वाढवायचा कापडी तंबू, नवा घेतलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पंखा केवढा घेऊ? मी उलट विचारतो, तंबू ज्या खोलीत ठेवलाय तिचं तापमान किती? कारण हवा बाहेर फेकणारा पंखा थंडावा तयार करत नाही. आतली तापलेली हवा तो काढतो आणि तिच्या जागी खोलीतली हवा येते. खोलीच 30 अंशांवर असेल, तर दिवे लागलेले असताना तंबू 30 च्या खाली आणणं त्याच्या हातात नाही.

उष्णता येते दिव्यांतून. एलईडी तापत नाहीत असं म्हणतात, पण 300 वॅटच्या दिव्याचा जो प्रकाश पानांवर, मातीवर, कापडावर पडतो, त्याचीही शेवटी उष्णताच होते. प्रकाशसंश्लेषणात साठणारा वाटा फार थोडा. तेव्हा 300 वॅटचा दिवा म्हणजे 300 वॅटचा हीटर, असंच धरा. पानं पाणी बाहेर टाकताना यातली काही उष्णता वापरतात, ती आपली जमेची बाजू.

आता हिशेब करू. वॅटना 3 ने गुणा आणि खोलीपेक्षा तंबू जेवढे अंश जास्त चालेल त्या आकड्याने भागा. उत्तर येतं तासाला किती घनमीटर हवा हलवायची ते. 300 वॅट आणि 3 अंशांची वाढ चालणार असेल, तर तासाला साधारण 300 घनमीटर. हवा दुप्पट केली, 600 केली, तर वाढ 3 वरून दीड अंशावर येते. म्हणजे दुप्पट पंख्याने मिळाला दीड अंश! पुढच्या प्रत्येक दुप्पटीला त्याच्याही निम्मा. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी खोलीवर घाला, असं मी कळकळीने सांगतो.

पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. वास शोषणारा कार्बन फिल्टर, लांब डक्ट (हवा वाहून नेणारी नळी), डक्टची वळणं, सगळीकडे प्रवाह घटतो. थोडा मोठा पंखा घेऊन कमी वेगावर चालवा, आवाजही कमी होतो. गरम हवा वर जाते, म्हणून ती वरून काढा. ताजी हवा खालून, समोरच्या कोपऱ्यातून येऊ द्या. तंबूच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या की ओळखावं, हवा ठरवलेल्या वाटेने चालली आहे. फारच आत गेल्या तर खालच्या झडपा आणखी उघडा.

पण ती हवा पुढे जाते कुठे? मी सुरुवातीला डक्टचं तोंड त्याच बंद खोलीत सोडलं होतं. दुपारपर्यंत खोली तापायची, तीच हवा पुन्हा आत यायची आणि मी पंख्याला दोष देत बसायचो. डक्ट खिडकीतून बाहेर काढला आणि पंखा न बदलता त्रास संपला.

रात्रीकडे मात्र फार कमी लोक बघतात. दिवे लागलेले असताना 26 अंश आणि 60 टक्के आर्द्रता, अगदी छान. दिवे बंद झाले, तापमान 20 वर आलं, तर हवेतलं पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता 86 टक्क्यांच्या आसपास जाते. वर ओली माती वाफ सोडतच असते. दाट फुलोऱ्यात करडी बुरशी धरते ती अशाच दमट, स्तब्ध हवेत. म्हणून दिव्यांबरोबर पंखा बंद करू नका, वेग कमी करा. आतला छोटा पंखाही चालू ठेवा. पानं हलकी हलली की पुरे. खोलीतलीच हवा दमट असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लागेल. तेही उष्णता सोडतं, पण रात्री ती उपयोगीच पडते.

थर्मामीटर शेंड्यांच्या उंचीवर आणि सावलीत टांगा. थेट दिव्याखाली ठेवलात तर तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या खोक्याचं तापमान सांगेल. आणि उन्हाळ्यात एवढं करूनही दुपारी आकडा उतरत नसेल, तर दिव्यांचा टायमर फिरवून झाडांचा दिवस आपल्या रात्री आणा. तेव्हा आत येणारी हवाच गार असते.