अर्ल अँथनी : बेभरवशाच्या धंद्यातला भरवशाचा माणूस

(रत्नागिरीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित रसिकहो,

आज ज्या खेळाडूविषयी मी बोलणार आहे त्याचा खेळ, म्हणजे दहा पिना पाडण्याचे बोलिंग, तुमच्यापैकी काहींनी मुंबई-पुण्याच्या एखाद्या मॉलमध्ये, नातवंडांच्या वाढदिवसाला, पाहिला असेल. गुळगुळीत लांब पट्टी, तिच्या टोकाला त्रिकोणात उभ्या दहा पिना आणि बोटे घालायला तीन भोके असलेला जड चेंडू, एवढाच त्याचा पसारा. या खेळावर कोणी संसार चालवीत असेल हे चटकन पटत नाही. अमेरिकेच्या अर्ल अँथनीने तो चालवला, आणि १९८२ साली बोलिंगच्या बक्षिसांतून एकूण दहा लाख डॉलर मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला.

हा धंदा कसा चालतो ते मिरकरवाड्याच्या बंदराजवळ वाढलेल्या माणसाला फार समजावून सांगावे लागणार नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा शिधा यांवर पैसे आधी घालायचे आणि मग दर्यात जायचे; जाळे रिकामे वर आले तरी घातलेले पैसे परत येत नाहीत. अँथनीच्या काळातल्या व्यावसायिक बोलरचे नेमके असेच होते. प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम सगळे स्वतःच्या खिशातून. ठरावीक क्रमांकाच्या आत आलात तर बक्षीस, नाहीतर पुढच्या गावची वाट. त्याला पगार देणारा संघ नव्हता.

अँथनीचा जन्म १९३८चा, वॉशिंग्टन राज्यातला. त्याला बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, व्हायचे होते. ते दुखापतीमुळे राहिले. पुढे एका किराणा मालाच्या घाऊक कंपनीत तो फोर्कलिफ्ट चालवू लागला आणि तिथल्या कामगारांच्या संघातून, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बोलिंगकडे वळला. आज बारा वर्षांच्या मुलाला ‘आता उशीर झाला’ असे सांगणाऱ्या पालकांनी हे वय मुद्दाम ध्यानात ठेवावे, असे शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते. १९६३ मध्ये तो व्यावसायिक दौऱ्यावर गेला, बक्षिसाविना परतला आणि पुन्हा कामावर रुजू झाला. त्यानंतरची काही वर्षे तो सरावच करीत राहिला. त्याचे पहिले विजेतेपद १९७० सालचे, सिएटलमधले. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

या सरावात तो काय शिकत असेल, हे कळायला लेन, म्हणजे ती लांब पट्टी, कळली पाहिजे. चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या फाउलरेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट आणि रुंदी साधारण साडेतीन फूट. या पट्टीच्या खेळाडूकडील मोठ्या भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, आणि तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. नुकत्याच सारवलेल्या अंगणात आणि सुकून खडबडीत झालेल्या अंगणात गोटी वेगळी पळते, हे आपण लहानपणी अनुभवले आहे. इथेही तेलावरून चेंडू घसरत पुढे जातो आणि कोरड्या भागात आला की पकड घेऊन आत वळतो. शिवाय प्रत्येक चेंडू थोडे तेल पुसून नेतो, म्हणजे सकाळी अचूक ठरलेली रेघ दुपारी चुकीची ठरते. पाण्याच्या रंगावरून प्रवाह ओळखणाऱ्या तांडेलासारखे बोलरला चेंडूच्या वळणावरून तेल ओळखावे लागते. अँथनी डावखुरा होता. डावखुरे खेळाडू संख्येने कमी, त्यामुळे लेनची डावी बाजू कमी झिजते आणि त्यांना आयता फायदा मिळतो, अशी तक्रार त्या काळी होत असे. तीत तथ्य आहे. पण तोच फायदा इतर डावखुऱ्यांनाही होता, आणि त्यांच्यापैकी कोणी अँथनीएवढे जिंकले नाही, हेही तितकेच खरे.

आता गुणांचा हिशेब पाहा. एका डावात सलग बारा वेळा पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्या तर तीनशे गुण होतात. दर वेळी पहिल्या चेंडूत नऊ आणि दुसऱ्यात उरलेली एक पाडणाऱ्याचेही एकशे नव्वद होतात. म्हणजे उरलेली पिन न चुकवणे हीच या धंद्यातली रोजची भाकरी आहे. अँथनीच्या खेळात दणका कमी आणि अचूकपणा फार. आखूड केस, चष्मा आणि दर वेळी तीच पावले, तोच झोका. त्या वेळच्या अनेक स्पर्धांत बाद फेरीपूर्वी बेचाळीस डाव खेळावे लागत. चेंडू सोळा पौंडांपर्यंतचा, म्हणजे सव्वासात किलोचा. चार-पाच दिवसांत तो सहाशेहून अधिक वेळा टाकायचा, म्हणजे एका हाताने चार टनांहून जास्त वजन उचलून सोडायचे, आणि तेही दर वेळी त्याच ठिकाणी. हा हिशेब मी प्रथम केला तेव्हा बराच वेळ कागदाकडे पाहत बसलो होतो.

१९७५ मध्ये त्याने सात स्पर्धा जिंकल्या आणि एका वर्षात एक लाख डॉलर मिळवणारा तो पहिला बोलर झाला. १९७३, ७४ आणि ७५ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्याकडे होते. १९७८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर तो पुन्हा लेनवर उतरला आणि १९८१, ८२ व ८३ अशी आणखी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे त्याने मिळवली. मला त्याच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो, कारण चाळिशीनंतरची ही तीन वर्षे तिशीतल्या त्या तीन वर्षांच्या तोडीस तोड आहेत.

२००१ मध्ये तो वारला. त्याच्या विजेतेपदांचा आकडा पुढे वॉल्टर रे विल्यम्स याने मागे टाकला. हा विल्यम्स खांबाकडे घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळातही अनेकदा जगज्जेता झालेला माणूस. तरीही व्यावसायिक बोलर संघटनेच्या पन्नास वर्षांतले सर्वश्रेष्ठ खेळाडू जेव्हा निवडले गेले, तेव्हा पहिले नाव अँथनीचे आले आणि दुसरे विल्यम्सचे.