भिंतीवरचं काबुकी

(दृश्य: एदोबेईचा चेहरा, अगदी जवळून. मग हळूहळू हात दिसू लागतात.)

ओठ घट्ट मिटलेले. हनुवटी पुढे आलेली. भुवया ताणलेल्या, आणि अंगरख्यातून अचानक बाहेर आलेले दोन पंजे, बोटं फाकलेली. हा एदोबेई, काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या एका नाटकातला, पैसे लुटायला निघालेला दुष्ट नोकर. जुन्या जपानी पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, १७९४ साली, एदोतल्या म्हणजे आजच्या टोकियोतल्या कावाराझाकी नाट्यगृहात तिसऱ्या ओतानी ओनिजीनं, म्हणजे हे नाव घेणाऱ्या तिसऱ्या नटानं, ही भूमिका केली. लाकडी ठशांनी छापलेलं हे चित्र काढलं शाराकू या चित्रकारानं. त्याची सगळी कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांची.

आज हा चेहरा जगभरातल्या दिवाणखान्यांत पोस्टर होऊन लागलेला दिसतो. शोभतोही. पण मागच्या गडद पार्श्वभूमीकडे नीट बघा. मूळ चित्रात ती नुसती शाई नाही, तिच्यात अभ्रकाची पूड आहे. चित्रासमोरून चालत गेलं की ती क्षणभर उजळते आणि पुन्हा काळवंडते. नाटकातला हा गुंड त्या चकाकीतून अंगावर येतो. साध्या पोस्टरमध्ये ती चकाकी जाते आणि उरतो एक सपाट राखाडी रंग.

(दृश्य: ठशावर शाई लावणारा कारागीर)

मग अस्सल जुनी प्रतच मिळवून लावावी का? माझं स्पष्ट मत आहे, लावू नये. करडईच्या फुलांपासून काढलेला त्या काळचा लाल रंग आणि फुलांपासूनच केलेला निळा रंग उजेडात विटतात. संग्रहालयंसुद्धा अशी चित्रं थोडे दिवस मंद प्रकाशात मांडतात आणि पुन्हा अंधारात ठेवून देतात.

शिवाय 'एकमेव मूळ चित्र' असं इथे काही नव्हतंच. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचे आणि त्याच्या रेषा ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचे. त्यात रेखाटन नष्ट व्हायचं. मग छापणारा प्रत्येक रंगासाठी ठसा बदलायचा. प्रत्येक फळीवर एका कोपऱ्यात आणि एका कडेला छोटी खाच असते. कागद त्या खाचांना टेकवला की रंग जागच्या जागी बसतात. नाटक रंगात आलेलं असताना या प्रती दुकानात विकल्या जायच्या आणि सामान्य प्रेक्षक त्या विकत घ्यायचे. कुणी त्या घडीच्या पडद्यांवर डकवायचे, कुणी वह्यांत जपून ठेवायचे.

म्हणूनच आज नव्यानं ठसे कोरून, हातानं छापलेली प्रत मला नक्कल वाटत नाही. टोकियोतली आदाची ही संस्था १९२८ पासून हे काम करते आहे. चेरीचं लाकूड, हातकागद आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेली घासणी, सगळं तेच. घासणीच्या दाबानं रंग कागदाच्या आत मुरतो, वर नुसता बसत नाही. अशी प्रत महाग असते, हे खरं. पण चार पोस्टरांऐवजी अशी एकच घ्या.

(दृश्य: भिंतीवर शेजारी शेजारी लावलेली दोन चित्रं)

आता लावायची कशी? एदोबेईची नजर बघणाऱ्याच्या डावीकडे आहे. त्याच नाटकातला इप्पेई, ज्याच्याकडचे पैसे तो लुटायला आलाय, शाराकूनं तलवार उपसताना काढला आणि त्याचं तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडे आहे. इप्पेई डावीकडे आणि एदोबेई उजवीकडे लावा, दोघं समोरासमोर येतील आणि मधल्या रिकाम्या भिंतीवर प्रसंग उभा राहील. उलट लावले, तर एकमेकांकडे पाठ करून बसतील. चित्रं लहान असतात, साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटर. मोठ्या भिंतीवर एकटं चित्र हरवतं. अरुंद बोळात, जिन्याशेजारी, जिथे माणूस जवळून जातो तिथे ते बोलतं. दिवा बाजूनं पडू द्या, अभ्रक त्यातच चमकतं. काच चकाकणारी नको. तीन कागदांचं एकच दृश्य असेल, तर तिन्ही एकत्रच लावा.

चौकटीचाही आग्रह नको. १८८५ साली अँटवर्पमध्ये व्हॅन गॉगनं आपल्या खोलीच्या भिंतींवर जपानी चित्रं नुसती टाचून ठेवली होती, आणि खोली त्यामुळे बरी वाटते, असं भावाला कळवलं होतं.

(दृश्य: फिकट निळ्या वस्त्रातला नट, हातात जपमाळ)

घेण्याआधी एक मात्र बघा. फिकट निळी वस्त्रं, हातात जपमाळ, शेजारी तारीख आणि मरणोत्तर नाव असेल, तर ते श्रद्धांजलीचं चित्र आहे. लाडका नट गेला की अशी चित्रं निघत. १८५४ साली आठव्या इचिकावा दान्जूरोनं ओसाकात आत्महत्या केली, तेव्हा त्यांचा अक्षरशः पूर आला होता. घरात लावायला हरकत काहीच नाही, पण समोर कोण आहे हे माहीत असू द्या. टोकियोतल्या वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयानं नटांच्या हजारो चित्रांचा संग्रह इंटरनेटवर खुला ठेवला आहे. नट कोण, भूमिका कोणती, नाटक कुठे झालं, हे तिथे शोधता येतं.