काठावरचा विद्यार्थी आणि अधिक-उण्याची श्रेणी

मित्रहो, ए, बी, सी या श्रेणींना प्लस-मायनस जोडावं की नाही, यावर अमेरिकी विद्यापीठांत वर्षानुवर्षं वाद होत आले आहेत. मी जोडावं या बाजूचा आहे, पण एका अटीवर. आधी हिशेब मांडतो.

तिकडे साधारणपणे ए म्हणजे 4 अंक, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, आणि सगळ्या विषयांच्या अंकांची सरासरी काढतात. समजा 90 पासून ए आणि 80 पासून बी. मग 89 गुणांच्या मुलीला 3 आणि 90 गुणांच्या मुलाला 4. एका गुणापायी पूर्ण एक अंक गेला. आणि 80 वाला व 89 वाली मात्र एकाच पंक्तीत, दोघांनाही 3. आता प्लस-मायनस आणा. 89 ला बी-प्लस, म्हणजे 3.3, 90 ला ए-मायनस, म्हणजे 3.7. एका अंकाचं अंतर 0.4 वर आलं. 80 चा विद्यार्थी बी-मायनसवर, 2.7 वर.

यावर प्राध्यापक म्हणतात, काठ वाढले, आता प्रत्येक काठावरचा विद्यार्थी अर्ध्या गुणासाठी केबिनच्या दारात उभा राहणार. राहील. तो त्रास खरा आहे, पण प्रत्येक काठावरून पडण्याची उंचीही कमी झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण तपासणारा माणूस चुकतो. 1912 मध्ये स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेच्या गुणांत तीसहून अधिक गुणांची तफावत निघाली. इंग्रजीत असं होणारच, म्हणून पुढे त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तर तिथे तफावत आणखी वाढली! पेपर तपासणाऱ्या आपणा सर्वांना हे आतून ठाऊक आहे. गठ्ठ्यातली पहिली उत्तरपत्रिका आणि रात्री अकराला हातात आलेली शेवटची, दोन्हींना आपण एकच न्याय देतो का? इतक्या हलत्या हाताने बारीक श्रेणी कशी द्यायची, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की हात हलतो म्हणूनच काठावरच्या चुकीची किंमत 1 नसावी, 0.3 किंवा 0.4 असावी.

आता माझी अट. बी-प्लसने मिळालेले 0.3 बी-मायनसने गेलेल्या 0.3 ची भरपाई करतात. सगळ्यात वर मात्र असं होत नाही. पुष्कळ विद्यापीठांत ए-प्लसलाही 4 च आणि ए-मायनसला 3.7. म्हणजे वरच्या मुलांना फक्त गमावायचंच असतं. सतत 91-92 मिळवणारा विद्यार्थी काल 4 वर होता, आज 3.7 वर आहे, आणि एखाद्या विषयात 99 मिळवूनही ते 0.3 परत येत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी सरासरीचा उंबरठा 3.75 असेल, तर तो बाहेर. कॉर्नेलसारखं विद्यापीठ ए-प्लसला 4.3 देतं, मला ते न्यायाचं वाटतं. ते जमत नसेल, तर ए-मायनस ठेवूच नये.

अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठाने 1969 पासून वेगळी वाट धरली. तिथे ए, बी, सी इतकंच, प्लस-मायनस नाही. तिकडच्याच एमआयटीत (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) ही चिन्हं अंतर्गत नोंदीत असतात, बाहेर जाणाऱ्या गुणपत्रकावर येत नाहीत.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकांच्या मापात ओ (आउटस्टँडिंग) 10, ए-प्लस 9, ए 8, बी-प्लस 7, बी 6, सी 5, पी (पास) 4. मायनस नाहीच, त्यामुळे वर सांगितलेला अन्याय आपोआप टळतो. पवईच्या आयआयटीत एए आणि बीबी यांच्या मधे एबी आहे; चिन्ह न लावता काम तेच. पण बाहेर अर्ज करणाऱ्या मुलांनो, एक ध्यानात ठेवा. आपला ए-प्लस दुसऱ्या क्रमांकाचा आहे आणि तिकडचा वाचणारा तो पहिला समजू शकतो. आपला बी-प्लस त्याला जेमतेम वाटू शकतो. गुणपत्रकासोबत मापाचा तक्ता जोडल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

आणि ज्या विद्यापीठांना हा बदल करायचा आहे, त्यांनी तो नव्याने प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून करावा. तिसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलांनी ज्या नियमांवर प्रवेश घेतला, त्याच नियमांवर त्यांना पदवी मिळू द्या.