राउटर म्हणजेही संगणकच

मित्रहो, राउटर म्हटले की लुकलुकत्या दिव्यांची एक बंद डबी डोळ्यांसमोर येते. त्या डबीतही प्रोसेसर, मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टिमच असते, हे २००३ साली अनेकांना पहिल्यांदा नीट उमगले. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालते हे जाणकारांनी ओळखले, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या लिनक्सचा प्रकल्प उभा राहिला. डबीतले काम लिनक्सच करत असेल, तर तेच काम अडगळीत पडलेला साधा संगणकही करू शकतो.

त्यासाठी दोन नेटवर्क पोर्ट हवेत, एक बाहेरच्या जोडणीसाठी आणि दुसरा आतली उपकरणे जोडणाऱ्या स्विचसाठी. एरवी दुसऱ्याच्या पत्त्याचे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, आले की लिनक्स ते टाकून देते. मात्र ‘आयपी फॉरवर्ड’ या सेटिंगमध्ये शून्याच्या जागी १ लिहिला की तेच पॅकेट पुढे रवाना होते. एका आकड्याने संगणकाचा राउटर व्हावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता एका पॅकेटच्या मागोमाग जाऊ. आतला लॅपटॉप १९२.१६८.१.२० या खासगी पत्त्यावरून पॅकेट पाठवतो. हा पत्ता बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाही, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यावर आपला सार्वजनिक पत्ता चढवतो आणि ही अदलाबदल एका तक्त्यात नोंदवतो. उत्तर आले की तोच तक्ता पाहून ते लॅपटॉपकडे वळवले जाते. ‘कॉनट्रॅक -L’ हा आदेश दिला की हा तक्ता ओळीओळीने पडद्यावर उमटतो. कोणते पॅकेट आत येऊ द्यायचे याचे नियम एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये लिहायचे आणि आतल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम डीएनएसमास्क या प्रोग्रामकडे सोपवायचे. हे सारे ब्राउझरमधून हाताळायचे असेल, तर फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारलेले ओपीएनसेन्स हे तयार राउटर-सॉफ्टवेअर आहे.

पण माझ्या मते हा खटाटोप करण्याचे सर्वांत मोठे कारण रांगेचे आहे. कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. आपण वेगाला दोष देतो. प्रत्यक्षात मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पॅकेटांची लांबलचक रांग साचलेली असते. अपलोड चालू असताना पिंग हा उत्तराला लागणारा वेळ मोजणारा आदेश लावून ठेवा, मिलिसेकंदांचा आकडा भराभर चढताना दिसेल. उपाय असा, की आपल्या राउटरने जोडणीच्या क्षमतेपेक्षा किंचित कमी वेगाने पाठवायचे, म्हणजे रांग आपल्याच संगणकात लागते आणि तिच्यावर आपला ताबा राहतो. २०१२ पासून लिनक्समध्ये असलेले एफक्यू-कोडेल हे रांग सांभाळणारे तंत्र प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते आणि पॅकेटे ५ मिलिसेकंदांहून अधिक काळ सातत्याने रेंगाळू लागली, तर त्यांतली काही टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपणहून वेग आवरतो. २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून उपलब्ध असलेले केक हे त्याच विचाराचे वापरायला अधिक सोपे रूप आहे.

जुना डेस्कटॉप डबीपेक्षा बरीच जास्त वीज खातो, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे उपकरण) जोडणे श्रेयस्कर. फायरवॉलचे नियम दुरून बदलताना, पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत लागू करणारा आदेश आधीच लावून ठेवावा. नवा नियम नीट चालला की तो आदेश रद्द करावा. अन्यथा एका चुकीच्या ओळीने आपलाच प्रवेश बंद होतो आणि कीबोर्ड घेऊन त्या संगणकापर्यंत जावे लागते.